वरच्या दांड्यावरचा गुलाबी पट्टा

मामाने ती सायकल आणली तेव्हा घरातल्या प्रत्येकाने ती एका हाताने उचलून बघितली. कार्बनची होती, पिसासारखी हलकी. बीडमध्ये केबल नुकती घरोघर पोचली होती, टीव्हीवर जगभरच्या वस्तू दिसायला लागल्या होत्या, पण आमच्या गल्लीत खरोखर येऊन उभी राहिलेली पहिली परदेशी वस्तू तीच. मामा पुण्याला नोकरीला. कंपनीने बाहेर पाठवलं होतं तेव्हा हौसेने घेतलेली. पुढे गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि सायकल चालवणं बंद झालं. लालभडक, माशी बसली तरी घसरेल अशी. "ही तुझी," मामा म्हणाला. आमच्या घरात असं कुणी मला फारसं म्हणत नसे.

आम्ही दोघी बहिणीच. अप्पांचं कापडाचं दुकान होतं आणि पाटीवर आजोबांच्या नावापुढे 'अँड सन्स'. आजोबांना मुलगे होते, तेव्हा ते ठीकच होतं.

ब्रेकची वायर तुटली म्हणून मी ती एसटी स्टँडजवळच्या सायकलवाल्याच्या दुकानात टाकली. आमच्या दुकानाच्या माल पोचवायच्या दोन सायकली त्याच्याकडेच दुरुस्तीला असत. संध्याकाळी आणायला गेले तर वरच्या दांड्यावर पिवळ्या ऑइलपेंटने झोकात लिहिलेलं: आजोबांचं नाव, अँड सन्स, कापडाचे व्यापारी, बीड. दर दसऱ्याला त्या दोन सायकलींवर तो हेच लिहायचा, सवयीने हिच्यावरही लिहिलं. वर कौतुकाची वाट बघत उभा.

मी म्हटलं, पुसा.

"कावून ताई? नाव असल्यावर चोरीला जात न्हाई," तो म्हणाला.

सायकल दुकानाची नाही, माझी आहे, असं मी सांगितलं. त्याला ते पटलं नाही, पण गिऱ्हाईक जुनं. त्याने थिनरचा बोळा फिरवला. पिवळा रंग फराटला आणि त्याच्याबरोबर लालही सुटला. मग ते नीट करायला त्याने पॉलिश पेपर घेतला. मी अहो अहो करेपर्यंत वीतभर दांडा खरवडून निघाला आणि आतली कार्बनच्या धाग्यांची काळी वीण गोणपाटासारखी उघडी पडली.

घरी अप्पांनी निकाल देऊन टाकला. सायकलवाला आपला माणूस आहे, वाद घालायचा नाही. सगळी सायकल काळी रंगवून घेऊ, वर नाव पुन्हा घालू, आणि अशी खराब झालेली सायकल पोरीने गावभर मिरवण्यापेक्षा माल पोचवायला बरी. म्हणजे एका बोळ्यात माझी सायकल दुकानाची झाली होती.

मी विचारलं, "अप्पा, त्या नावातले सन्स कुठं हायेत?"

आईचा भाकरीवरचा हात थांबला. ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना माहीत होती आणि कुणीच बोलत नव्हतं. अप्पा ताटावरून उठले नाहीत, पण त्यांनी पुढचा घास घेतला नाही. मला वाईट वाटलं, पण बोलल्याचा पस्तावा तेव्हाही झाला नाही आणि आजही नाही.

दुसऱ्या दिवशी एसटीडी बूथवरून मामाला फोन लावला. तो म्हणाला, रंगाचं सोड, आत तडा गेलाय का ते बघ. दांड्यावर नाणं वाजवत जा. कुठे आवाज बद्द आला तर बसू नकोस. मी अंगणात बसून दांडाभर नाणं वाजवलं. सगळीकडे तोच टणक आवाज. तेव्हा मात्र मला रडू आलं. मग मामाने सांगितल्याप्रमाणे उघडी जागा झाकायला बिनरंगी नेलपॉलिश शोधत फिरले. बिनरंगी कोण लावतं, असं म्हणून जनरल स्टोअरवाली हसली. मी तिच्याकडचं सगळ्यात भडक गुलाबी घेतलं. आई म्हणाली, निदान लाल तरी आण, दिसणार नाही. मी म्हटलं, दिसू दे.

पुढच्या सोमवारी मी त्याच सायकलवर डोंगरातल्या कपिलधारच्या देवस्थानाला गेले. चढावर दम लागला, पण उतरून ढकलली नाही. दर्शनाला आलेले लोक दांड्याकडे बोट करून विचारत, हे काय लागलंय. दुकानात खरवडलं, मी सांगायची, आणि पुढे निघायची. सायकल काळी करायचा विषय अप्पांनी पुन्हा काढला नव्हता, सोडलाही नव्हता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सायकलवाला नेहमीप्रमाणे पिवळा डबा घेऊन दुकानावर आला. वाहनं धुवून ओळीने लावली होती आणि अप्पा हळदकुंकू लावत होते. दोन सायकलींवरची अक्षरं उजळून झाल्यावर तो माझ्या सायकलकडे वळला. म्हणाला, अप्पा, हिचंबी करून देतो, तेवढा तो गुलाबी डाग झाकला जाईल.

अप्पांनी गुलाबी पट्ट्याच्या शेजारी कुंकवाचं बोट टेकवलं आणि वर न बघता म्हणाले, "तिला ब्रश लावू नका. ती पोरीची हाय."