अंगाला चिकटलेला कापूस

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. म्हणजे, अर्धं सांगितलंय. आमच्याकडे लग्नकार्यात जेवणं उरकली की पोरं मागे लागतातच, ‘नाना, तुमच्या फारसीचा किस्सा!’ मी सांगतो, सगळे हसतात. पण मी परीक्षेच्या खोलीच्या दारापाशी येऊन थांबतो. आत काय झालं? कोणी विचारत नाही. तुम्हीही विचारलं नव्हतं — तरी सांगतो.

हसण्याजोगं ते आधी. मी चोपड्याकडचा, खात्यापित्या शेतकऱ्याचा मुलगा. धुळ्याला शिकायला होतो. संस्कृतचे शास्त्री पहाटे उठवून रूपं घोकून घेत, म्हणून मी फारसी घेतली. आळसापायी परभाषेत शिरलेला माणूस कधी पाहिलाय? हा पाहा. वर्गात आम्ही दोघंच — मी आणि हमीद. त्याचे वडील पिंजारी. पिंजण खांद्यावर टाकून गल्लोगल्ली लोकांच्या गाद्या पिंजून देत.

शेवटच्या परीक्षेला बाहेरून मौलवीसाहेब येणार होते. राजाला शहाणपण शिकवणाऱ्या गोष्टींचं एक जाडजूड पुस्तक होतं. ते पचवायचं, उभं राहून फारसीत सांगायचं, आणि शेवटी त्यातला एखादा बोध स्वतःच्या घरचा दाखला देऊन पटवायचा. हमीद पास झाला तर वडील त्याला पुढे शिकू देणार होते. नापास झाला तर पिंजण त्याच्या खांद्यावर. हे मला माहीत होतं. तेव्हाच माहीत होतं — नाहीतर मी उगाच भोळा ठरेन.

पुस्तक मला त्यानंच शिकवलं, त्यांच्या ओसरीवर, कापसाच्या धुरळ्यात शिंकत. माझे उच्चार ऐकून त्याची आई आतून म्हणायची, ‘हाऊ पोऱ्या बकरीना मायक का वरडस रे?’ — हा पोरगा बकरीसारखा का ओरडतो, म्हणून.

त्याचा दाखला तिचाच होता. वडील घरी आले की दाढीला, सदऱ्याला कापूस चिकटलेला असे. आई तो वेचून बाजूला ठेवी. लोकांच्या गाद्यांमधला कापूस — चिकटून आला म्हणून आपला होत नाही. पुरेसा साठला की गल्लीतल्या एखाद्या तान्ह्या बाळाची उशी व्हायची.

आणि माझा दाखला? नव्हताच. ऐन वेळी सुचेल म्हटलं.

मला आधी बोलावलं. पुस्तक कसंबसं सांगून झालं. ‘आता घरचा दाखला,’ मौलवीसाहेब म्हणाले. मी काय केलं? हमीदचा कापूस उचलला. दाढीच्या जागी माझ्या आईचं लुगडं घातलं — लोकांच्या शेतात वेचणी करून आली की पदराला चिकटलेला कापूस ती काढून ठेवते, वगैरे. साहेबांनी डोळे मिटून मान डोलावली.

मग हमीद आत गेला. थोड्या वेळानं मला परत बोलावलं.

‘हा तुझंच बोलतोय. खरं सांग, हे कोणाच्या घरचं?’

हमीद माझ्याकडे बघत होता. रागानं नाही — वाट बघत. त्याचं नाव घेतलं असतं की झालं असतं.

‘माझ्या,’ मी म्हणालो.

साहेबांनी त्याला चोरीच्या दाखल्याबद्दल नापास केलं. बाहेर आल्यावर तो एवढंच म्हणाला, ‘तुनी माय वावरमा कवय गयी रे?’

माझी आई शेतात कधीच गेली नव्हती.

मला फार लागलं असेल, असं तुम्हाला वाटतंय ना? नाही लागलं. भूक लागली होती. मी खाणावळीत जाऊन जेवलो.

युद्धाच्या काळात, आम्ही जळगावला राहायला आल्यावर, थोरलीच्या लग्नाआधी गाद्या पिंजायला बायकोनं एक पिंजारी बोलावला. हमीद. दाढी पांढरी झालीय की नुसता कापूस, कळेना. त्यानं ओळखलं, मीही ओळखलं. दिवसभर अंगणात पिंजण टणटणत राहिलं. मी आत वर्तमानपत्र वाचत होतो, एकच पान.

निघताना त्यानं सदरा झटकला. दाढीतला कापूस वेचला, बाहीवरचा वेचला. सगळ्याचा मूठभर गोळा करून ओट्यावर ठेवला.

‘हाऊ तुना,’ म्हणाला, आणि गेला.

बायकोनं तो शिवायच्या राहिलेल्या गादीत भरला. त्या गादीवर मी झोपतो. झोप लागते.