तीन आठवडे, दीड किलो

तिसऱ्या मंगळवारीही काटा बरोबर अर्धा किलो वर गेला आणि मी स्वतःवर भलताच खूश झालो.

काट्यावर होती महादेवी. सतरा वर्षांची, दुधनीचे भुसार व्यापारी शिवप्पा यांची मुलगी. चार महिन्यांपासून ती जेवायला घाबरत होती. आपण जाड आहोत असं तिला वाटायचं; प्रत्यक्षात माझा जिना चढताना तिला दोनदा बसावं लागे. या आजाराला अ‍ॅनोरेक्सिया म्हणतात. यात भूक मरत नाही, खाण्याची भीती बसते. सत्तरच्या दशकात मी सोलापुरात मनोविकारतज्ज्ञ होतो, म्हणजे लोकांच्या भाषेत येड्यांचा डॉक्टर. भवानी पेठेत माझ्या शेजारी दातांचा दवाखाना होता. लोकांना दातदुखी वाटावी म्हणून शिवप्पांचं सगळं कुटुंब गाल धरून जिना चढायचं.

पहिल्याच दिवशी मी दम भरला होता, "दर आठवड्याला वजन वाढलं पाहिजे. नाहीतर पुण्याला अ‍ॅडमिट." हा दम मला तेव्हा फार शास्त्रीय वाटायचा.

मी ग्राफ शिवप्पांपुढे धरला. "बघा अप्पा, कशी सरळ रेघ!"

शिवप्पा हसले नाहीत. "डाक्टर, तीस वर्सं माल जोकतोय. बरोब्बर अर्दा, परत अर्दा, असं कुटं वाडतंय व्हय? आन् दर मंगळवारी माजी लोखंडी मापं घावत न्हाईत की."

महादेवीची आई एकदम रडायला लागली. "मीच बांदली तिच्या कमरंला. पुन्याला येड्यांत ठिवलं तर पोरीला कोन करून घील?"

बाईमाणसाला अंगावरच्या कपड्यांसकट तोलायची तेव्हाची रीत. नर्सनं महादेवीला पडद्याआड नेलं आणि दीड किलो लोखंड माझ्या टेबलावर आणून ठेवलं. खरं वजन पहिल्या दिवसापेक्षाही कमी भरलं.  तीन आठवडे मी मापांवर उपचार करत होतो आणि पोर हातची चालली होती. लाज वाटली.

"तू तरी बोलायचंस," मी महादेवीला म्हटलं.

"अव्वा रडती म्हनून गप बसले. ताट वाडलं की घरातली नऊ मानसं माज्या तोंडाकडं बगत्यात. घास कसा उतरंल?"

त्याच दिवशी तिला सोलापुरातल्याच फिजिशियनकडे ठेवलं, आईसकट. पुणे रद्द. घरी गेल्यावरचा नियम एकच: सगळ्यांनी बरोबर जेवायचं, बघायचं आपापल्या ताटात, आग्रह बंद.

"पावन्यागत आग्रह तरी करू की!" आई कळवळली.

"पाहुण्यासारखंच करताय, तेच थांबवा."

दीड महिन्यानं काटा जेमतेम दोनशे ग्रॅमनं वर सरकला. शिवप्पांनी चष्मा लावून सुई न्याहाळली. "हां, हे खरं हाय," म्हणाले आणि चष्मा काढून डोळे पुसले. पूर्ण बरी व्हायला तिला दोन वर्षं लागली.

घरच्यांना धाक घातला की पेशंटचं वजन वाढतं. फक्त ते लोखंडाचं असतं.