खुर्ची काचेकडे वळवली तेव्हा

कानवाल्या वहिनींनी सासूला ऑफिसातल्या पेटीत कोंडलं आणि म्हातारी बहिरी होऊन बाहेर आली, ही बातमी आमच्या जिन्यातून तळमजल्यापर्यंत पोचायला अर्धा दिवसही लागला नाही. तिसऱ्या मजल्यावर नुसती पेटी होती, खाली येईस्तोवर तिला कुलूप लागलं. खरं एवढंच, की पेटी म्हणजे बाहेरचा आवाज आत न येणारी तपासणीची खोली, आणि सासूबाई आत गेल्या तेव्हाही बहिऱ्याच होत्या. मधले पाच महिने त्या बहिऱ्या नाहीत असं सगळ्यांना वाटत होतं, घोळ तिथे होता.

वहिनी श्रवणदोषांवर संशोधन करणाऱ्या संस्थेत तपासनीस. नोकरी कराराची. ऐकण्याचे व्यायाम करून म्हाताऱ्या कानांना फरक पडतो का, हे बघायला बत्तीस जण निवडले होते, त्यात सासूबाईही. दर महिन्याला एकेकाला खोलीत बसवून कानांवर हेडफोन चढवायचा. वहिनी काचेबाहेरून बटण दाबणार, आत बारीक शिट्टी वाजणार, ऐकू आली की बोट वर. खुर्ची काचेला आडवी ठेवायची असा नियम. पण बंद खोलीत म्हाताऱ्यांचा जीव घाबरा व्हायचा. माणसाचं तोंड तरी दिसू दे, म्हणून वहिनींनी दुसऱ्या महिन्यापासून खुर्ची आपल्याकडे वळवली.

बोटं भराभर वर जाऊ लागली. संशोधन चालवणाऱ्या मोठ्या मॅडम हरखल्या. सासूबाईंनी कानाचं मशीन खणात टाकलं. वहिनींच्या नवऱ्याला चेव आला. तो म्हणाला, आता आईला ऐकू यायला लागलंय, बायकोनं ऐकायला सुरुवात केली की मी सुटलो.

आणि एका सकाळी दोघी बाजारात निघाल्या असताना मागून टेम्पो हॉर्न देत आला, नि सासूबाई खुशाल रस्ता ओलांडायला निघाल्या. वहिनींनी दंड धरून मागे खेचलं म्हणून निभावलं. दंडावर वळ उठले. (सून मारते, ही त्याच बातमीची पिल्लावळ.)

दुसऱ्या दिवशी वहिनींनी सासूबाईंना पुन्हा खोलीत बसवलं आणि पाठ करून बटण दाबलं. एकदाही बोट वर नाही. तोंड फिरवून दाबलं, तर दर वेळी वर. तेव्हा काचेत वहिनींना स्वतःचा चष्मा दिसला, आणि चष्म्यात हिरवा ठिपका. बटण दाबलं की यंत्रावर दिवा लागायचा, तो तिथे उमटायचा. सासूबाईंची लबाडी नव्हती हो. ठिपका दिसला की त्यांना ऐकल्यासारखंच वाटायचं.

वहिनींनी मॅडमना सगळं सांगितलं, पण त्यांचा या व्यायामांवरचा लेख छापायला गेलेला. त्या शांतपणे म्हणाल्या, “खुर्ची आडवी कर, पुढचं नीट होऊ दे. मागचं उकरलंस तर चूक तुझीच निघेल.”

खोटं नव्हतं ते. वहिनींनी दोन रात्री कूस बदलत काढल्या आणि तिसऱ्या दिवशी संस्थेला पत्र दिलं: खुर्ची मी वळवली, पाच महिन्यांचे आकडे धरू नयेत, सगळ्यांना परत बोलवा, मशीन काढून ठेवू नका म्हणून सांगा. लेख मागे घ्यावा लागला. वहिनींचा करार पुढे वाढणार नाही, हे त्यांना त्याच आठवड्यात कळलं. घरी सासूबाईंनी मशीन कानात घातलं आणि सुनेशी अबोला धरला. चांगला कान हिनंच काढून घेतला, असंच त्यांना वाटतं.

परवा समोरच्या काकूंनी जिन्यात गाठून वहिनींना विचारलंच, की गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं? मॅडम खूश, सासू खूश, नोकरी शाबूत.

वहिनी पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाल्या, “माझ्या सासूला ओढायला मी होते, काकू. बाकीचे एकतीस जण एकटेच रस्ता ओलांडतात.”