मास्तरांनी गाळलेलं वाक्य

चाकूरच्या बाजाराच्या मागं, पिठाच्या गिरणीला लागून एक पत्र्याची खोली होती. तिथं लिंबाजी मास्तर इंग्रजी शिकवायचे. मास्तर ही पदवी लोकांनी दिलेली. सरकारनं त्यांना कधी कुठल्या शाळेत घेतलं नाही. अंगावर धुवट सदरा, खिशाला पेन आणि बोलण्यात असा थाट, की ऐकणाऱ्याला वाटावं हा माणूस कालच विलायतेहून उतरलाय. प्रत्यक्षात मास्तर नांदेड-लातूरच्या बाहेर कधी गेले नव्हते.

त्यांचा आवडता धडा प्रवासाचा. फळ्यावर ते बस काढायचे, आगगाडी काढायचे, मग विमान आणि शेवटी जहाज. बाय बस, बाय ट्रेन, बाय एअर, बाय शिप. सलग दोन वर्षं पावसानं दगा दिलेला, गावच्या विहिरीत चिखलसुद्धा उरला नव्हता, आणि इथं पोरं छाती फुगवून सांगायची, आम्ही जहाजानं आलो. मास्तर खुशीत म्हणायचे, "व्हेरी गुड! आरं, आपल्याकडं दारात मानूस आला की आदी पाणी देतेत. सायेब लोकाचं येगळं. ते आदी इचारतेत, कसे आलात? हाऊ डिड यू कम? तिथं जो चाचरला, तो संपला."

धड्यात एक वाक्य मात्र नव्हतं. पायी चालत आलो याला इंग्रज माणूस काय म्हणतो, ते मास्तरांना पक्कं येत होतं, पण ते शिकवायचे नाहीत. त्याचं कारण जुनं होतं. मॅट्रिक झाल्यावर बिलोलीकडच्या आपल्या गावाहून दोन दिवस चालत ते नांदेडच्या एका कचेरीत नोकरी मागायला गेले होते. साहेबानं विचारलं, कसा आलास? लिंबाजीनं ताठ उभं राहून शुद्ध इंग्रजीत खरं ते सांगितलं. बाजूला बसलेल्या एकानं त्याच्या धुळीनं पांढऱ्या झालेल्या पायांकडं पाहिलं आणि मराठीत म्हणाला, "पायानं आलाय, पायरीपाशीच बसू द्या." सगळे हसले. आडनाव कागदावर होतंच. लिंबाजी खरंच पायरीपाशी बसून राहिला, आणि संध्याकाळी उठून परत चालू लागला. त्या दिवसापासून ते वाक्य त्यांच्या तोंडातून गेलं ते गेलंच.

चांगुणा त्यांच्याच वस्तीतली. दहावी झालेली, वीस वर्षांची, आवाज घंटेसारखा स्वच्छ. बाप नव्हता. आई सरजाबाई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायची, तेही काम आता बंद पडलं होतं. वीटभट्टीच्या मुकादमाचा ट्रक येणार होता आणि वस्तीतली निम्मी घरं निजामाबादकडं निघायची होती. तेवढ्यात चांगुणाला पत्र आलं. लातूरला जिल्हा होऊन तीन वर्षं होत होती, नव्या कचेऱ्या उघडत होत्या, त्यातल्या एकीत टेलिफोनवर बसायला इंग्रजी बोलणारी माणसं हवी होती. मुलाखत शुक्रवारी, साडेदहाला. ट्रक रविवारी.

सरजाबाई मास्तरांच्या दारात येऊन बसली. "मास्तर, ही नोकरी लागली तर पोरगी ऱ्हाती, मी ऱ्हाते. न्हाई तर भट्टीवर. तिथं गेलेल्या पोरी कशा वापस येतेत, तुमाला ठाव हाय. तुमच्या हातात हाय आता सगळं."

मास्तरांनी अकरा महिने शिकवलं होतंच, आता रात्रंदिवस घोकून घेतलं. दोन गोष्टी बजावल्या. साहेबानं इंग्रजीत विचारलं तर उत्तर इंग्रजीतच, मराठीचा एक शब्द ओठाबाहेर येता कामा नये. आणि काही झालं तरी हसतमुख राहायचं.

शुक्रवारी साडेसहाची बस दोघांनी धरली. तासाभरानं गाडी थांबली. पुढं रस्त्यावर घागरींची रांग लागली होती आणि घागरींमागं बाया बसल्या होत्या. पंधरा दिवस टँकर आला नव्हता. एक म्हातारी ड्रायव्हरला म्हणाली, "आमी मरायलाव अन् तुमाला लातूर दिसायलंय व्हय?" कुणाला काय म्हणणार? त्यांचंही खरंच होतं. आधीची सहाची बस तेवढी निसटून गेली होती. आता दोन्हीकडून वाहनं अडली.

शेजारच्या दगडावर लातूर सोळा किलोमीटर होतं. मास्तरांनी घड्याळ पाहिलं. "चल पोरी."

मे महिन्याचं ऊन. डांबर चपलांना चिकटत होतं. सावलीला एक धड झाड नाही, पिण्याला हातात एक बाटली. चांगुणा घोट मागायची आणि मास्तर म्हणायचे, जरा थांब. चालता चालता ते प्रश्न विचारत होते, ती धापा टाकत उत्तरं देत होती. साडेदहा वाटेतच वाजले. तिचे डोळे भरले तेव्हा मास्तर रागावले, पण तो राग तिच्यावर नव्हता.

लातूरची पहिली घरं दिसली तेव्हा पाऊण वाजला होता. कचेरी दोनशे पावलांवर. मास्तरांनी तिला एका भिंतीच्या आडोशाला थांबवलं. बाटलीत अर्धं पाणी उरलं होतं.

"पाय म्होरं कर."

"गुरुजी, प्यायला द्या की. घसा सुकला."

"पाय कर म्हन्तो! असे पाय घिऊन सायबाम्होरं जातीस व्हय? एक नजर टाकतील अन् बाहेर काढतील."

मास्तर स्वतः खाली बसले. पोरीच्या पायांवर त्यांनी ते पाणी धार धरून ओतलं, बोटांच्या फटीतली धूळ काढली, खिशातल्या रुमालानं टाचा पुसल्या. उरल्या पाण्यात आपलेही पाय धुतले. दुष्काळात पिण्याचं पाणी असं मातीत गेलेलं पाहून पलीकडची एक बाई शिव्या देत आत गेली. मास्तरांना वाईट वाटलं, पण पाय स्वच्छ झाले होते. कुणी म्हणालं नसतं की ही सोळा किलोमीटर चालत आली.

चांगुणा आत गेली. मास्तर बाहेर लिंबाखाली उभे राहिले. दहा मिनिटांनी ती बाहेर आली तेव्हा ओठांवरचं शिकवलेलं हसू अजून तसंच होतं.

हळूहळू तिनं सांगितलं. साहेब चांगला माणूस होता. खुर्ची दिली, पाणी दिलं. मग इंग्रजीत म्हणाला, तुम्ही उशिरा आलात. हाऊ डिड यू कम?

"म्या म्हन्लं, बाय बस, सर. त्येनं पुन्यांदा इचारलं, बाय बस? शुअर? म्या हसून म्हन्लं, येस सर. मंग त्येनं माज्या पायाकडं बघितलं अन् कागदावर काट मारली. इंग्रजीतच म्हन्ला, रस्ता अडला म्हनून जे चालत आले त्येंची मुलाखत तीन वाजता हाय. बस फकस्त पहिलीच आली, आठला. तुम्ही बसनं आलात तर इतका येळ गावात काय करत होता?"

"मंग तू सांगितलं का न्हाई? मराठीत का होईना, सांगायचं की!"

"तुमीच म्हन्ला व्हता, मराठी न्हाई बोलायची. अन् इंग्रजीत मला बस येती, ट्रेन येती, इमान येतं. चालत आलेलं येत न्हाई."

मास्तर धावतच आत गेले. दाराशी कारकून बसला होता. त्याच्यापुढं हात जोडून, मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, मिळेल त्या भाषेत ते सांगू लागले की ही पोरगी चालत आली, घागरीवाल्या बायांच्या पुढून चालत आली, मी साक्षीला आहे. कारकून वैतागला नाही, उलट त्यानं समजुतीनंच दाखवलं. व्हरांड्यात आठ-दहा उमेदवार बसले होते. सगळ्यांचे पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेले.

"हे चालत आले, काका," तो म्हणाला. "तुमचे पाय बघा, पोरीचे बघा. सायबाला दोनदा खोटं सांगितलं तिनं, आता तिसऱ्यांदा काय सांगू मी?"

मास्तरांनी खाली पाहिलं. पाय खरंच लखलखीत होते. ते पायरीपाशी जाऊन बसले. सत्तावीस वर्षांपूर्वी बसले होते तसेच, फरक एवढाच की आज त्यांना कुणी बसवलं नव्हतं.

चारच्या सुमाराला रस्ता मोकळा झाल्याची बातमी आली. स्टँडवर चाकूरची गाडी लागायची होती. दोघं बाकावर बसले. चांगुणा म्हणाली, "गुरुजी, पायी चालत आलो ह्येला काय म्हन्तेत?"

मास्तरांनी सांगितलं. "ऑन फूट." सत्तावीस वर्षांनी ते शब्द तोंडात आले.

तिनं ते एकदा मनाशी म्हणून पाहिलं. "एवढंच व्हय?" मग त्यांच्याकडं वळून म्हणाली, "तुमाला येत व्हतं?"

"हाव."

तिनं ओरडून भांडायला हवं होतं असं मास्तरांना वाटलं. भांडली असती तर सोसलं असतं. गाडी आली, माणसं चढू लागली. चांगुणा उठली, पिशवी खांद्याला लावली आणि वर्गात विचारायची तशाच सुरात तिनं विचारलं, "परवा आमी ट्रकनं जानार. बाय ट्रक. बरुबर हाय न्हवं, गुरुजी?"

अकरा महिने तिच्या प्रत्येक बरोबर उत्तराला मास्तर व्हेरी गुड म्हणत आले होते. आज त्यांनी नुसती मान डोलावली.