पांढऱ्या रेषेबाहेर

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. आज तुम्हाला का सांगतोय — खरंच माहीत नाही.

इथे मिशिगनमधल्या नोव्हाय गावात एका मित्राची वास्तुशांत होती. गॅरेजमध्ये होम, खाली बेसमेंटमध्ये बिअर — इथे असंच असतं. माझा जुना मित्र शिरीष याने एक ग्लास घेतला, मी तीन. म्हणून परतताना माझी गाडी तोच चालवत होता. निघताना यजमानांच्या आईने कटाच्या आमटीचं पातेलं हातात दिलं. नको म्हटलं तरी कोण ऐकतं? ते मी मांडीवर धरून बसलो.

वळणावर पातेलं कलंडलं. मांडी भाजली. मी ओरडलो आणि — पुढचं जरा थांबून सांगतो.

गाडी पांढऱ्या रेषेबाहेर गेली. शिरीषने लगेच सावरली, पण मागे पोलीस होता. दुपारचे साडेचार. गाडीत बिअरचा वास — बराचसा माझा. शिरीषचे डोळे लाल — होमाच्या धुराने. त्याला सरळ रेषेत चालायला लावलं. गुडघा दुखरा, दोनदा पाय चुकला. फुंकर मारून घेतलेल्या चाचणीत आकडा मर्यादेच्या कितीतरी खाली. पण मिशिगनमध्ये आकडा कमी असला, तरी नशेचा परिणाम दिसतोय एवढ्यावर अटक होऊ शकते.

शिरीष म्हणाला, स्टिअरिंग मित्राने ओढलं. पोलीस माझ्या खिडकीशी वाकला. याने किती घेतली? एक ग्लास, दोन वाजता — मी तंतोतंत सांगितलं. आणि स्टिअरिंग तुम्ही ओढलंत का?

मला आठवत नाही, म्हणालो. शिरीषला अटक झाली.

अकरा दिवसांवर माझी नागरिकत्वाची मुलाखत होती. पोलिसाच्या कागदावर माझं नाव नको होतं. एवढंच.

पुढे शिरीषच्या वकिलाने फोन केला. वास, डोळे, गुडघा — सगळ्याचं स्पष्टीकरण देता येईल. गाडी रेषेबाहेर का गेली, हे मात्र तुम्हीच सांगू शकता. मी तेच उत्तर दिलं. कोर्टाने अटकेला पुरेसं कारण होतं असं मानलं. त्या अटकेवरून शिरीषचा व्हिसा रद्द झाला. व्हिसा फक्त देशात शिरण्यापुरता, त्यामुळे इथे राहता येत होतं, पण एकदा बाहेर पडलं की परत येण्याची खात्री नाही, आणि मुलगी इथल्या शाळेत. फेब्रुवारीत नागपूरला त्याची आई गेली. अंत्यविधी त्याने फोनवर पाहिला. मी शेजारी बसलो होतो.

“अबे, तुला चटका बसला होता,” तो अजूनही म्हणतो. “भान कुठलं राहणार? तू काय खोटं बोलणारा माणूस आहेस?”

पोलिसाने दिसलं त्यावरून त्याच्याबद्दल अंदाज बांधला. शिरीषने ओळखीवरून माझ्याबद्दल बांधला. दोन्ही चुकीचे — आणि दोन्ही मी तसेच राहू दिले.

मला सगळं आठवत होतं. स्टिअरिंगवर माझा डावा हात होता. दोन सेकंद, फार तर.