दोन मिनिटांचा जबाब

दिल्ली कँटॉनमेंटला माझी बदली झाली तेव्हा नोकरीला सव्वीस वर्षं झाली होती. इंजिनिअर रेजिमेंटच्या एका कंपनीत मी सुभेदार होतो, सीनियर जेसीओ, म्हणजे जवान आणि ऑफिसर यांच्या मधला. कंपनी कमांडर मेजर फ्रान्सिस, मूळचे वसईचे. इतरांशी हिंदीत बोलायचे, माझ्याशी मराठीत. फौजेत जेसीओला जवानही साहेब म्हणतात आणि ऑफिसरही. तेही मला साहेबच म्हणत.

दर रविवारी मंदिर परेड असे. आमच्या सर्वधर्म स्थळात एकाच छपराखाली सगळ्यांची जागा होती, आणि परेडला सगळे जात. कोण कुठल्या धर्माचा हा प्रश्न तिथे नसतो. मेजर साहेबांनी एक पद्धत पाडली. दर रविवारी एका धर्मगुरूंनी बोलायचं, आणि प्रश्न एकच: जो पुढे असतो, त्याच्याबद्दल तुमचा धर्म काय सांगतो?

पंडितजी म्हणाले, प्रजेच्या पापातला सहावा वाटा राजाच्या माथी बसतो. मौलवी साहेब म्हणाले, तुमच्यातला प्रत्येक जण मेंढपाळ आहे आणि प्रत्येकाला आपल्या कळपाबद्दल विचारलं जाणार आहे. शिखांचे ग्रंथी साहेब कमी बोलायचे. त्यांनी एवढंच सांगितलं की दारात दुसऱ्यांचे जोडे पुसायला ज्याला लाज वाटते, त्याने आत पुढे बसू नये. पाद्रींनी प्रभूने शिष्यांचे पाय धुतल्याची गोष्ट सांगितली. मी बौद्ध, पण बौद्ध धर्मगुरू आमच्याकडे नव्हते.

"साहेब, पुढचा रविवार तुमचा," मेजर म्हणाले.

मी पंचशील सांगितलं. चौथ्या शीलावर, म्हणजे खोटं न बोलण्यावर, जरा जास्तच वेळ बोललो. परेड सुटल्यावर हवालदार याकूब माझ्यापाशी आला. मिरजेकडचा, माझ्याच जिल्ह्यातला.

"चांगलं बोललात साहेब," तो म्हणाला. "पण लांबलं."

माझ्या कंपनीत मला असं सांगू शकणारा तो एकटा होता. कामात इतका पक्का, की त्याचं बोलणं खपून जायचं.

त्यानंतरचाच मंगळवार होता. पीटी संपत आली असताना, सात दहाला फोन आला. दक्षिण दिल्लीतल्या एका जुन्या गावठाणात पाच मजली इमारत कोसळली होती. मुनिरकासारखीच वस्ती, अरुंद गल्ल्या, भाड्याच्या खोल्या, कॉलेजची मुलं, नर्स, ऑफिसांत नवे लागलेले. आम्ही आठ पस्तीसला पोचलो. गाड्या मेन रोडवरच थांबवाव्या लागल्या. जॅक, कटर, लाकडी टेकू जवानांनी खांद्यावरून आत नेले.

दुपारपर्यंत आम्ही सहा जणांना बाहेर काढलं. त्यातले दोघे जिवंत होते.

एक वाजता दर दहा मिनिटांनी होणारी शिट्टी झाली. शिट्टी झाली की सगळी यंत्रं बंद करायची आणि कान द्यायचा. दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबखालून ठकठक ऐकू आली. एक नर्स होती, केरळची. पाय तुळईखाली अडकला होता. याकूब आणि सॅपर जसविंदर टेकू लावत लावत आत सरकले. मी भोकाच्या तोंडाशी वॉकीटॉकी घेऊन बसलो. मेजर साहेब इमारतीच्या मागच्या अंगाला क्रेनपाशी होते, चाळीस-पन्नास मीटरवर. शेजारच्या भिंतीला आम्ही ओळंबा टांगला होता आणि नायक हुद्द्याचा एक जवान त्याच्यावर नजर ठेवून होता.

दोन वाजून सव्वीस मिनिटांनी नायक ओरडला. ओळंबा हलला होता, म्हणजे भिंत कलत होती.

लगेच वॉकीटॉकीवर मेजर साहेबांचा आवाज आला. "सबको बाहर निकालो. अभी. ओव्हर."

मी भोकात तोंड घालून ओरडलो, "याकूब, बाहेर ये. साहेबांची ऑर्डर आहे."

आतून आवाज आला, "साहेब, पाय सुटतोय. दोन मिनिटं द्या."

त्या बाईचा आवाज मला ऐकू येत होता. ती रडत नव्हती. काहीतरी एकसारखं पुटपुटत होती.

"दोन मिनिटं," मी म्हणालो.

वॉकीटॉकी पुन्हा वाजला. "निकले क्या? ओव्हर."

"निकल रहे हैं, सर. ओव्हर."

पाय सुटला. जसविंदरने बाईला ओढत आणलं आणि मी तिचे हात धरले. ती बाहेर आली, तिच्यामागून जसविंदर आला. याकूबचं हेल्मेट मला दिसलं. हात पुढे केला तर दीड हाताचं अंतर होतं. स्लॅब बसला. मोठा आवाजही झाला नाही. धूळ आली आणि भोक राहिलं नाही.

पाच वाजता त्याला बाहेर काढलं.

चौकशी बसली. जबाबाच्या आदल्या दिवशी कागदपत्रांचं काम बघणारा एक ऑफिसर मला बाजूला घेऊन म्हणाला, "सूबेदार साहब, ऑर्डर दी गई थी, वो नहीं निकला. इतना ही लिखिए. फॅमिली को जो मिलना है, मिलेगा ही."

त्याच्या म्हणण्यात खोटं काही नव्हतं. ऑर्डर दिली होती आणि याकूब निघाला नव्हता. जसविंदरचं लक्ष त्या वेळी जॅकवर होतं. दोन मिनिटं कोणी दिली हे मी सोडून कोणालाच माहीत नव्हतं.

संध्याकाळी मेजर साहेब माझ्या खोलीवर आले. बसले नाहीत.

"साहेब, तुम्ही 'निकल रहे हैं' म्हणालात. निघाले होते का?"

मी त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली.

"उद्या अकराला जबाब आहे. मी काही सुचवणार नाही," ते म्हणाले आणि गेले.

जबाबात मी सगळं सांगितलं. ऑर्डर आली तेव्हा किती वाजले होते ते, मी दिलेली दोन मिनिटं, आणि रेडिओवर बोललेलं खोटं. मला फार शूर वाटलं असं समजू नका. लिहून घेणाऱ्याने दोनदा परत विचारलं, इतक्या हळू बोलत होतो. माझ्यानंतर मेजर साहेबांचा जबाब झाला. ते म्हणाले, कंपनी कमांडरची जागा त्या भोकापाशी होती आणि तो तिथे नव्हता, ही चूक माझी आहे. त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं.

मला सिव्हियर रेप्रिमांड, म्हणजे कडक ताकीद, मिळाली. सुभेदार मेजर होणं राहून गेलं. मेजर साहेबांचं प्रमोशनही पुढे सरकलं नाही. त्याबद्दल आमच्यात कधी बोलणं झालं नाही.

चार महिन्यांनी रजा मिळाली तेव्हा मी याकूबच्या घरी गेलो. त्याची बायको रेहाना दारातच उभी राहिली. मी उभ्या उभ्याच तिला सगळं सांगितलं.

"दोन मिनिटं त्यांनी मागितली होती?" तिने विचारलं.

"त्याने मागितली. मी दिली."

ती म्हणाली, "मयतीला आलेली पोरं सांगत होती, ऑर्डर होती पण हवालदार ऐकले नाहीत. चार महिने मी त्यांनाच बोल लावतेय. हट्टी होतात म्हणून मेलात, असं रोज म्हणतेय. तुम्हाला हे पहिल्या दिवशी सांगता आलं नाही?"

तिने मला बसायला सांगितलं नाही. ते बरोबरच होतं.

आता मी आर. के. पुरमला मुलीच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. मागच्या महिन्यात जावयाच्या गुडगावच्या ऑफिसात मला लीडरशिपवर बोलायला बोलावलं होतं. मी हेच सांगितलं. पाच धर्म पाच तऱ्हांनी एकच सांगतात, पुढे असणाऱ्याला जाब द्यावा लागतो. हे मला तोंडपाठ होतं, मी त्यावर भाषणही दिलं होतं, आणि वेळ आली तेव्हा मी रेडिओवर खोटं बोललो. पुण्याची एक मुलगी उठून म्हणाली, "पण सर, ऐकलं असतं तर ती नर्स गेली असती ना?"

गेली असती. ती आज जिवंत आहे. दोन मिनिटं द्यायला हवी होती की नको, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण ती देतोय हे मेजर साहेबांना सांगायला हवं होतं. त्यांनी त्या मिनिटांत काही केलं असतं, किंवा नसतं. तो निर्णय त्यांचा होता, आणि मी तो त्यांना घेऊ दिला नाही.

इमारत पडली त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पेपरात 'बचावकार्यात एका जवानाचा मृत्यू' एवढंच आलं होतं. म्हणून जिथे बोलतो तिथे शेवटी नाव सांगतो. हवालदार याकूब दस्तगीर इनामदार. वय चौतीस. टेकू ठोकताना मोजून तीन घाव घालायचा, चौथा कधी लागायचा नाही. मागे बायको आणि दोन मुली.