पानओव्याचा शेजारी

लढाईच्या दिवसांत भिंगारला आमच्या शेजारी पलटणीच्या दवाखान्यातले एक कंपाउंडर राहत. बोलण्याआधी ते हुंगत. चहा, पोस्टकार्ड, आमची मांजरसुद्धा. रोज संध्याकाळी माझ्या खिडकीपाशी थांबून डोळे मिटत. खिडकीत पानओव्याची कुंडी होती, आणि कुंडीमागे मी. वय अठरा, त्यामुळे कुंडीचा विचार मनाला शिवला नाही. मी मोगऱ्याचा गजरा माळून उभी राहू लागले.

एकदा ते थेट दारात आले. "वहिनी, फार दिवस सांगीन म्हणतो, धीर होत नाही."

मी चौकट घट्ट धरली. त्यांनी खिशातून दोन बाटल्या काढल्या.

"हे ओव्याचं तेल. गारठ्यात ठेवलं की खडे धरतं. आणि हे तुमच्या पानओव्याचं. पानं न विचारता तोडली, रागावू नका. वास तसाच, पण काही केल्या गोठत नाही! आतलं द्रव्यच निराळं असणार. हुंगा बघू."

मी वाकले.

"थांबा, आधी तो गजरा काढा. मोगरा मध्ये येतो."

काढला. हुंगलं. वास खरंच सारखा होता.

दुसऱ्या दिवशी मी कुंडी परसात नेऊन ठेवली. संध्याकाळपासून ते परसात थांबू लागले.